आद्य ख्रिस्ती पूर्वजांच्या कथा मंडळीत सांगताना: दोन महिन्यांची तयारी, सात मिनिटांची गोष्ट

जुन्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनाला मंडळीचा इतिहास वाचला जातो. त्यात मिशनरी साहेबांची नावं क्रमाने येतात, उपासनामंदिर कधी बांधलं ते येतं, घंटा कोणी दिली तेही येतं. आणि ज्यांनी गावाचा नि भावकीचा रोष पत्करून पहिलं पाऊल टाकलं ती माणसं ‘अनेक जण विश्वासात आले’ या चार शब्दांत संपतात. त्या माणसांना त्यांचं नाव, गाव आणि त्यांचा निर्णय परत मिळवून द्यायचा असेल, तर कथाकथनाची एक वेगळी सभा घ्यावी लागते. ती कशी घ्यायची ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं मुख्यतः नगर भागातली, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरातली आहेत. कोल्हापूर, जालना, सोलापूर किंवा कोकणातल्या मंडळ्यांनाही हीच पद्धत चालते, फक्त कागद वेगळ्या ठिकाणी शोधावे लागतात.

आधी कथांची संख्या ठरवा

सहा कथा, प्रत्येकी सात मिनिटं. यापुढे जाऊ नका. हिशेब असा: सुरुवातीची प्रार्थना आणि वचन पाच मिनिटं, कथा बेचाळीस, तीन गीतं बारा, प्रत्येक कथेआधी एका मिनिटाची ओळख म्हणजे सहा, नावांचं वाचन पाच, शेवटची प्रार्थना पाच. एकूण पंचाहत्तर मिनिटं. आठ-दहा कथा घेतल्या की सभा दोन तासांवर जाते, लेकरं पेंगतात, आणि शेवटच्या दोन कुटुंबांच्या वाट्याला निम्मे श्रोतेही उरत नाहीत. ती कुटुंबं हे वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

साठ कुटुंबांच्या मंडळीत सहांनाच बोलवलं तर उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठीच नावांचं वाचन असतं. प्रत्येक घराण्यातलं एक नाव, त्याचं मूळ गाव आणि माहीत असेल तर बाप्तिस्म्याचं वर्ष, एवढंच, सावकाश वाचायचं. पाच मिनिटांत चाळीसेक नावं होतात. ज्यांची गोष्ट आज कोणालाच आठवत नाही अशांचीही नावं त्यात येतात, म्हणून हा भाग वेळ वाचवायला कधीही कापू नका. पुढच्या वर्षी यांतलीच सहा घराणी कथेला घ्या.

कामाला चार माणसं पुरतात: एक म्हाताऱ्या माणसांशी बोलणारा, एक दप्तर पाहणारा, एक फोटो-कागद सांभाळणारा आणि एक वेळापत्रक बघणारा. सुरुवात दोन महिने आधी करा. पहिले तीन आठवडे बोलण्यात जातात, पुढचे तीन कागदपत्रांत, शेवटचे दोन लिहिण्यात आणि सरावात.

आजी-आजोबांशी बोलताना

‘आपले पूर्वज विश्वासात कसे आले?’ हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की समोरची व्यक्ती साक्ष द्यायला लागते. साक्षीचा साचा ठरलेला असतो: अंधार होता, मिशनरी आले, प्रकाश झाला. आजीच्या आठवणीत असलेलं खरं त्यात येतच नाही. त्याऐवजी रोजच्या जगण्याचं विचारा. पाणी कुठून भरायचे? ख्रिस्ती झाल्यावर त्या विहिरीवर जाता आलं का? बलुतं चालू राहिलं की बंद झालं? देवळापुढे हलगी वाजवायला कोणी नकार दिला होता का, आणि मग काय झालं? पोरीचं लग्न कुठल्या गावात जमलं, इतक्या लांब का? घरात कोणी मेलं तेव्हा खांदा कोणी दिला? या प्रश्नांना ‘हो-नाही’ असं उत्तर देऊन थांबता येत नाही, प्रत्येकामागून एक प्रसंग येतो.

बसायच्या आधी काहीतरी वस्तू मागवून घ्या. घरातलं जुनं बायबल सगळ्यांत उत्तम. पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहून ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत होती. फोटो, पितळी भांड्यावर कोरलेलं नाव, शाळेचा दाखला, काहीही चालतं. वस्तू हातात आली की आठवण तारखेपासून सुरू न होता माणसापासून सुरू होते.

एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे. थकलेलं माणूस हो ला हो करू लागतं आणि ती उत्तरं निरुपयोगी असतात. दुसरी बैठक आठवड्याने घ्या. मधल्या दिवसांत पुष्कळ काही आठवलेलं असतं. आधी परवानगी घ्या आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा: फोन ‘एअरप्लेन मोड’वर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवलेला, पंखा बंद. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून पाहा, मगच पुढे जा. टेबलावर थेट ठेवलेल्या फोनमध्ये कपबशीचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षा मोठा येतो. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव उच्चारून घ्या; दहा वर्षांनी नातवंडांना ही फाईल कोणाची हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

आणि सुनांना विचारा. सासूकडून ऐकलेल्या गोष्टी मुलांपेक्षा सुनांकडे जास्त नेमक्या सापडतात.

दप्तर पाहताना

पहिला कागद मंडळीचं बाप्तिस्मा रजिस्टर. पाळकसाहेबांची रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्यासमोर, कोरड्या हातांनी पाहा. रकाने मंडळीगणिक बदलतात, पण तारीख, नाव, आईबापांची नावं, गाव, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही एवढं बहुधा मिळतं. नोंद जशी आहे तशीच उतरवून घ्या, चुकीची वाटली तरी दुरुस्त करू नका. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि पूर्ण पान घ्या. वरच्या-खालच्या ओळींत त्याच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली भावंडं सापडतात. विवाहाची नोंद वेगळी असते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानंतरच्या नोंदींत वय आणि वडिलांचं नाव शोधा, तिथून एक पिढी मागे जाता येतं.

बायकांची नावं ही सगळ्यांत मोठी अडचण. रजिस्टरात ‘अमुक याची पत्नी’ एवढंच असतं. अशा वेळी त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहा, आईचं नाव तिथे येतं. मुलींच्या शाळेचा हजेरीपट पाहा. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांनी नगरला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलींच्या शाळा चालवल्या, तेव्हा लिहिता-वाचता येणाऱ्या ख्रिस्ती बाया त्या भागात लवकर दिसू लागल्या. घरात कोणी ‘बायबल बाई’, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणारी, होती असं ऐकलं असेल तर मिशनच्या वार्षिक अहवालांत तिच्या कामाचा उल्लेख असू शकतो. नाव सापडेपर्यंत शोधा. ‘त्यांची पत्नीही त्यांच्याबरोबर होती’ हे वाक्य सभेत उच्चारलं जाऊ नये.

‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं. त्याच्या जुन्या अंकांत मंडळ्यांच्या बातम्या आणि मृत्युवार्ता असतात. मृत्युवार्ता विशेष मोलाची, कारण ती लिहिणाऱ्याने त्या माणसाला पाहिलेलं असतं. अमेरिकन मराठी मिशनच्या अमेरिकेतल्या मूळ संस्थेचं ‘मिशनरी हेरल्ड’ हे मासिक इंटरनेटवर मोफत वाचता येतं. नगरहून गेलेली पत्रं त्यात छापलेली आहेत. तिथे शोधताना स्पेलिंग आडवं येतं. त्या काळी मराठी ‘अ’ साठी इंग्रजी ‘यू’ लिहीत, म्हणून ‘पंत’ चा ‘पुंत’ होतो आणि नगरचा ‘नुग्गुर’. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर काहीच हाती लागत नाही आणि माणूस नाद सोडतो. त्या संस्थेचे हस्तलिखित कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. बोस्टनच्या आसपास नातेवाईक असेल तर एका दिवसाचं काम त्याच्याकडे द्या.

जमिनीचे कागद मोडीत निघाले तर मोडी वाचणारा जाणकार गाठा. अंदाजाने वाचू नका, मोडीत एक अक्षर चुकलं की आडनाव बदलतं.

दफनभूमीतला दगड वाचायला सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरक्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारचीच वेळ असेल तर आरशाने बाजूने ऊन पाडा. तारेचा ब्रश, आम्ल, खडू वापरू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळतं का

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. म्हणून थोडं गणित करायचं. पिढी पंचवीस वर्षांची धरा. सांगणारा १९६० चा असेल तर वडील १९३५ च्या, आजोबा १९१० च्या, पणजोबा १८८५ च्या आणि खापरपणजोबा १८६० च्या आसपासचे. ‘पणजोबांनी १८७६-७८ च्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला’ असं घरात सांगत असतील, तर तो प्रसंग बहुधा खापरपणजोबांचा. नाही तर दुष्काळ १८९६-९७ चा किंवा १८९९-१९०० चा असेल. घरच्या आठवणीत तिन्ही दुष्काळ एकच होऊन जातात. ‘त्याच सुमारास प्लेगही होता’ असं कोणी म्हणालं तर १८९६ नंतरचं धरून शोधा, कारण मुंबईत प्लेग त्या वर्षीच आला.

आणखी काही खुणा. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ ची आहे. १८६० साली कोणी ‘आगगाडीने नगरला आले’ असेल तर वर्ष किंवा गाडी यांतलं एक चुकलंय. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, म्हणून १९३० साली आजोबा ‘सी.एन.आय.चे पाळक’ असू शकत नाहीत. तेव्हा मंडळी कोणत्या मिशनची होती ते लिहा. शके सन असेल तर ७८ मिळवा, तारीख जानेवारी ते फाल्गुनअखेरची असेल तर ७९. जालन्याकडचे कागद निजामी काळातले असले तर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलेली वर्षगणना, येतो; त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. गावांची नावं त्या वेळची ठेवा आणि आजचं नाव पुढे एकदा सांगा: कागदात अहमदनगर असेल तर अहमदनगरच म्हणा, अहिल्यानगर हे नाव २०२४ चं आहे हे मुलांना कळू द्या.

‘सरकारने जमीन काढून घेतली’ हे वाक्य पुष्कळ कुटुंबांत ऐकू येतं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही असा कायदा १८५० सालीच झाला होता. जमीन गेली हे खरं असेल, पण ती भाऊबंदांनी बळकावली, कर्जात गेली की गाव सोडल्यावर पडून राहिली, हे विचारा. कारण कळलं नाही तर ‘जमीन गेली’ एवढंच म्हणा.

‘या भागातले पहिले ख्रिस्ती’ असा दावा मात्र टाळाच. एकाच मंडळीत तीन घराणी तो करतात आणि सभेनंतर चहाच्या वेळी वाद पेटतो. ‘आपल्या रजिस्टरात या गावची दिसणारी पहिली नोंद’ असं म्हटलं की ते सिद्धही होतं आणि कोणाला दुखवतही नाही.

कर्ता कोण आहे ते बघा

कथा आधी पूर्ण लिहून काढा. सभागृहात सावकाश बोलताना सात मिनिटांत साडेसहाशेच्या आसपास शब्द होतात. लिहून झालं की लाल पेन घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या कर्त्याखाली रेघ मारा. बहुतेक पहिल्या खर्ड्यांत अर्ध्याहून अधिक रेघा ‘साहेब’, ‘मिशन’, ‘मडमबाई’ यांच्याखाली पडतात: साहेबांनी आणलं, साहेबांनी शिकवलं, मिशनने नोकरी दिली. पूर्वज फक्त कर्म होऊन बसलेला असतो. ही कथा त्याची असेल तर क्रियापदंही त्याची हवीत. ‘साहेबांनी पणजोबांना शाळेत घातलं’ याचं ‘पणजोबा घरी न सांगता शाळेत जाऊन बसले’ असं करता येतं का ते बघा. कागदात किंवा आठवणीत त्याला आधार असेल तरच करा. आधार नसेल तर पुन्हा आजीकडे जाऊन ‘ते स्वतःहून गेले की कोणी नेलं?’ एवढा एकच प्रश्न विचारून या. मिशनऱ्यांचे उपकार सांगायला हरकत नाही, सांगावेतच. पण विहीर बंद झाली ती पूर्वजाची, आणि ती बंद होणार हे माहीत असून पाऊल टाकलं तेही त्यानेच.

एका कथेत एकच प्रसंग घ्या. जन्मापासून मृत्यूपर्यंत सांगायला गेलं की यादी होते. तो माणूस काय सोडायला निघाला होता, कोणत्या क्षणी मागे फिरता आलं असतं, आणि का फिरला नाही, एवढं सात मिनिटांत बसतं. ‘का’ माहीत नसेल तर मनाने घालू नका. ‘त्यांनी काय विचार केला हे घरात कोणी सांगितलेलं नाही, पण पुढच्या रविवारीही ते आले, ही नोंद आहे’ असं म्हटलेलं श्रोते शांतपणे ऐकून घेतात.

सगळ्यांना ठाऊक असलेल्यांच्या कथा या सभेत नकोत. बेळगावला १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी, जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक, यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तुमच्या पणजीबद्दल कोणीच लिहिलेलं नाही.

जात, भूक आणि मागे राहिलेली भावकी

हा भाग घाईने उरकू नका. पूर्वजाची जात सांगितल्याशिवाय पुष्कळ कथांचा अर्थच लागत नाही. विहीर, बलुतं, हलगी यांचा संबंध तिच्याशीच आहे. तरीही आजच्या कुटुंबातल्या सगळ्यांना ती व्यासपीठावरून सांगितलेली चालेलच असं नाही. कोणाच्या शाळा-नोकरीचे कागद असतात, कोणाच्या सोयरिकीची बोलणी चालू असतात. सर्व शाखांना आधी विचारा, फक्त थोरल्या घराला विचारून भागत नाही. एकानेही नको म्हटलं तर ‘गावकुसाबाहेरचं घर’ एवढं पुरतं, ऐकणाऱ्यांना समजतं.

दुष्काळात भुकेमुळे मिशनच्या दारात गेलेला पूर्वज लपवू नका. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्यामुळे कुटुंबं भुकेचा भाग गाळतात आणि एखादा दृष्टान्त घालतात. भूक खरी होती, पोटची पोरं डोळ्यांदेखत जात होती. दुष्काळ सरल्यावरही ते कुटुंब मंडळीत राहिलं का, हे रजिस्टरात पाहता येतं, आणि त्या टोमण्याला त्याहून चांगलं उत्तर नाही. दुष्काळानंतर दहा वर्षांनी झालेला धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा शोधून काढा आणि तिथे कथा थांबवा.

मागे राहिलेल्या भावांना खलनायक करू नका. त्यांची नातवंडं आजही त्याच गावात आहेत, लग्नकार्याला येतात, कदाचित सभेलाही येतील. दुसऱ्यांच्या देवाबद्दल, रूढींबद्दल उणा शब्द कथेत नसावा. कथा त्या नातेवाइकांपैकी एकाला आधी वाचून दाखवणं ही उत्तम परीक्षा. त्यांच्याकडे त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही असते, आणि ती मिळाली तर कथा दुप्पट समृद्ध होते.

सांगण्याची रीत

कागद वाचून दाखवला की सभा मरते. लिहिलेल्या कथेवरून पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर सहा ओळी काढा: नाव-गाव-वर्ष, पहिलं वाक्य, प्रसंगाचे तीन टप्पे, शेवटचं वाक्य. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं, मधलं आपोआप येतं. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने सांगा. घरात सहा मिनिटं झाली तर सभेत सात होतात.

आपल्याकडे यासाठी तयार परंपरा आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि पुढे टिळकांनी कीर्तन ख्रिस्ती मंडळीत रुजवलं. मंडळीत पेटी-तबला आणि गाणारा असेल तर सहांपैकी एक कथा कीर्तनाच्या अंगाने बसवा: पूर्वरंगात वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान म्हणून पूर्वजाची कथा, मधे ‘उपासनासंगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली पदं. तिला मात्र बारा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून त्या वर्षी कथा पाचच घ्या. बाकी कथांमध्ये दर दोन कथांनंतर एक गीत पुरतं.

फोटो दाखवायचे असतील तर लहान फोटो ६०० डीपीआयवर, कागदपत्रं ३०० वर स्कॅन करा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. एका कथेला दोनच चित्रं. वीज जाणार हे धरून प्रत्येक फोटोची ए-थ्री आकाराची छापील प्रतही भिंतीवर लावा; सभेनंतर लोक पडद्यापेक्षा तिच्याभोवतीच जमतात.

सभेच्या दिवशी

क्रम बाप्तिस्म्याच्या सालाप्रमाणे लावा. मानाप्रमाणे लावला तर वाद होतो, सालाप्रमाणे लावला तर कोणी काही बोलू शकत नाही. वृद्धांना पहिल्या रांगेत, पंख्याजवळ, पण स्पीकरपासून दूर बसवा. सहा मिनिटं झाली की घंटा वाजवण्याऐवजी पहिल्या रांगेतून पिवळं कार्ड दाखवा. सांगणाऱ्याचा कंठ दाटून आला तर त्याच्या हातून माईक घेऊ नका. पाण्याचा पेला द्या आणि थांबा. श्रोते थांबतात. तरीही जमलं नाही तर आधीच ठरवलेला घरातला दुसरा माणूस कार्डावरून पुढे सांगेल, म्हणून कार्डाच्या दोन प्रती हव्यात.

थेट प्रक्षेपण करायचं की नाही हे प्रत्येक कुटुंबाला लेखी विचारा. मंडळीत बोललेलं आणि इंटरनेटवर कायम राहिलेलं यात फार फरक आहे.

सभेनंतरचा आठवडा

कोणीतरी उठून ‘आमच्या घरात हे वेगळं सांगतात’ म्हणणारच. त्यासाठी दाराजवळ एक वही ठेवा: नाव, कोणती कथा, काय वेगळं. व्यासपीठावर वाद घालायची गरज उरत नाही आणि पुढच्या वर्षीची सामग्री जमते.

प्रत्येक कथेचा लिखित मजकूर, ध्वनिमुद्रण आणि स्कॅन तीन ठिकाणी ठेवा: कुटुंबाकडे, मंडळीच्या कपाटात, आणि गावाबाहेर कोणाकडे तरी. फाईलचं नाव ‘वर्ष-घराणं-गाव-क्रमांक’ असं एकाच पद्धतीने द्या. मूळ फोटो आठवड्याच्या आत सही घेऊन परत करा. परत करण्याआधी मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने, दाब न देता, फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून द्या. बॉलपेन वापरू नका, त्याची रेघ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटते.